हॅम क्लबात नवे आलात? लायसन्स येण्याआधी आणि आल्यावर हाताशी घेण्याची कामं

आमच्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारीवाल्यांच्या, क्लबात नवा माणूस आला की पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न ठरलेला असतो: "वॉकीटॉकी कुठली घेऊ?" थांबा. आत्ता काहीच घेऊ नका. परीक्षा, तपासणी, कागदपत्रं हे सगळं होऊन लायसन्स हातात यायला महिने जातात, आणि तोवर प्रक्षेपण करणं बेकायदा आहे. ऑनलाइन दुकानांत स्वस्तातले बाओफेंग (चिनी वॉकीटॉकी) सहज दिसतात म्हणून ते खुशाल वापरता येतात असं नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकींच्या अशा बेकायदा विक्रीवरून ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसाही काढल्या.

पण लायसन्स नाही म्हणून घरी बसायचं कारण नाही. क्लबातली निम्म्याहून अधिक कामं माइकला हात न लावता होतात, आणि ती केलेला माणूस पुढे माइकवर जास्त चांगला निघतो असा माझा अनुभव आहे. म्हणून हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे: आधी कान, मग हात, आणि शेवटी माइक.

ऐकायला बसा

हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परवानगीने, हौसेखातर आणि पैसे न कमावता चालवलेलं बिनतारी केंद्र. प्रत्येकाला स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे अक्षर-आकड्यांचं हवेतलं नाव, मिळतं. भारतातली कॉलसाइन बहुतेक व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होतात. राजीव गांधींचं व्हीयू२आरजी होतं, हे जुने हॅम तुम्हाला पहिल्याच चहाला सांगतील.

ऐकण्यासाठी खर्च शून्य. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून चालवायचा रिसीव्हर, ब्राउझरमध्ये उघडला की तिथल्या अँटेनावर येणारे शॉर्टवेव्हचे आवाज तुमच्या कानात. भारतातले आवाज ऐकायचे तर जगभर लोकांनी असेच रिसीव्हर इंटरनेटवर मोकळे ठेवले आहेत, त्यातला आपल्या बाजूचा एखादा निवडा आणि सकाळी ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये फिरा. या पट्ट्याला, म्हणजे बँडला, सगळे "फोर्टी मीटर" म्हणतात. मोड (आवाज पाठवायची पद्धत) एलएसबी ठेवा, नाहीतर माणसांऐवजी बदकं बोलताहेत असं वाटेल. दिवसा या बँडवर काही शे किलोमीटरवरचे लोक येतात, अंधार पडला की दूरदूरचे. मराठी, हिंदी, कानडी, इंग्रजी सगळं एकाच वाक्यात ऐकू येईल.

ऐकताना वही ठेवा. वेळ, वारंवारता, कॉलसाइन, आवाज कसा होता. वेळ यूटीसीत लिहा, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. ही सवय आत्ताच लागली तर पुढे लॉगबुक भरताना डोकं खाजवावं लागत नाही. थोड्याच दिवसांत कळेल की क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या केंद्राचा अडथळा, क्यूआरएन म्हणजे वीज-वादळाची खरखर, क्यूएसबी म्हणजे आवाजाचं चढणं-उतरणं, आणि "सेव्हंटी थ्री" म्हणजे शुभेच्छा. पाठांतर करू नका, कानाने शिकलेलं टिकतं.

पहिली मीटिंग

क्लब शोधायला फार लांब जावं लागत नाही. मुंबईत मुंबई अमॅच्युअर रेडिओ सोसायटी आहे, देशपातळीवर १९४८ पासूनची अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया, हैदराबादला १९८३ पासूनची एनआयएआर (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ). आपल्या जिल्ह्यात फलक लावलेला क्लब नसेल तर अभियांत्रिकी महाविद्यालयाचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, स्काउटची जिल्हा संस्था किंवा गिर्यारोहण संस्था यांना विचारा. तिथे एखादा तरी हॅम दडलेला असतोच.

मीटिंगमध्ये निवृत्त टेलिफोनवाले, डॉक्टर, टीव्ही दुरुस्त करणारे, बारावीतली पोरं आणि दोन-चार आयटीवाले एकाच टेबलाला बसलेले दिसतील. वयाचं अंतर पाहून बिचकू नका. समोरासमोर काका, सर, अहो चालतं, हवेत मात्र ऐंशीचे आजोबाही "ओएम" (ओल्ड मॅन) आणि सोळाचं पोरगंही "ओएम". स्त्रियांना "वायएल" (यंग लेडी) म्हणतात, सत्तरीच्या असल्या तरी.

पहिल्या दिवशी एकच वाक्य बोला: "मला लायसन्स नाही, पण रविवारी येऊ शकतो, काही काम असलं तर सांगा." हे ऐकून ज्यांचे डोळे चमकतात ते तुमचे खरे गुरू. तुम्हाला काय येतं तेही सांगून ठेवा. वेल्डिंग, गच्चीवर चढणं, एक्सेल, शाळेत ओळख, स्वतःची जीप, उत्तम अक्षर, यांतली प्रत्येक गोष्ट क्लबाला कधी ना कधी लागते.

परीक्षेचं थोडक्यात

याच्यावर फार वेळ घालवत नाही, कारण अभ्यासाचे वर्ग क्लब घेतो. परीक्षेला एएसओसी (अमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर्स सर्टिफिकेट) म्हणतात, ती दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा घेते, अर्ज सरल संचार पोर्टलवरून. वय किमान १२ वर्षं. दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडला ५० गुणांचा एक तासाचा पेपर, प्रत्येक विभागात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के हवेत. जनरलला १०० गुणांचा दोन तासांचा पेपर आणि वर मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची संकेतलिपी. दोन विभाग म्हणजे रेडिओचं तंत्र आणि नियम. तंत्रात ओहमचा नियम, अनुनाद, मॉड्युलेशन, सुपरहेट रिसीव्हर, अँटेना, लहरींचा प्रवास. बारावीचं भौतिकशास्त्र आठवत असेल तर निम्मं झालंच. मूळ नियम १९७८ सालचे, नंतर सुधारणा झाल्या, तेव्हा अर्ज करण्याआधी पोर्टलवरची ताजी माहिती पाहा. परीक्षेसाठी मुंबई, नागपूर, गोवा इथे बिनतारी निरीक्षण केंद्रं आहेत, आपल्याला जवळचं कुठलं ते क्लबात विचारा.

रिस्ट्रिक्टेडवाल्याला शॉर्टवेव्हवर ५० वॉट, जनरलवाल्याला ४०० वॉट. आकडा पाहून जनरलच्या मागे लागू नका. चांगल्या अँटेनावर ५० वॉटमध्ये पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूशी बोलणं होतं. मोर्स शिकायचं ते मोर्सच्या गोडीसाठी शिका.

हाताचं काम: तार, दोर, गच्ची

क्लबात सगळ्यात जास्त माणसं कुठे लागत असतील तर अँटेना चढवायला. आणि शिकायला याहून चांगली जागा नाही.

नवख्याने बांधायची पहिली अँटेना म्हणजे फोर्टी मीटरचा डायपोल. हिशेब सोपा: १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागा, मीटरमध्ये एकूण लांबी येते. ७.१ मेगाहर्ट्झला साधारण २० मीटर, म्हणजे मधोमध कोॲक्स (रेडिओपर्यंत जाणारी केबल) जोडून दोन्हीकडे दहा-दहा मीटर तार. घरातल्या वायरिंगची तांब्याची तार चालते. टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे इन्शुलेटर म्हणून, मग नायलॉनची दोरी. मधला भाग गच्चीवरच्या टाकीशेजारी बांबूवर उंच, दोन्ही हात खाली उतरते ठेवले की झाला इन्व्हर्टेड व्ही. गावाकडे असाल तर आंब्याच्या उंच फांदीवरून दोरी टाकायला गोफण येणारा कुणीतरी पकडा, आधी दगडाला मासेमारीची बारीक दोरी, मग तिला जाड दोरी बांधून ओढायची. खाली कुणी उभं नाही याची खात्री त्याआधी.

तार कापताना प्रत्येक बाजूला वीत-दीड वीत जास्त ठेवा. मग मीटर लावून एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनातून किती ताकद परत फिरते त्याचं माप, सगळ्यात कमी कुठे येतो ते बघायचं. तो ६.९ ला आला तर तार लांब आहे, दोन्ही बाजूंनी सारखीच कमी करा. ७.३ ला आला तर आखूड आहे. कापण्याऐवजी टोक मागे दुमडून तारेलाच गुंडाळलं तर चूक सुधारता येते. १.५ च्या आत आला की पुरे. १.१ च्या मागे लागून अख्खा रविवार घालवणारे लोक प्रत्येक क्लबात असतात, त्यांना चहा द्या आणि आपण पुढच्या कामाला लागा. आजकाल नॅनोव्हीएनए नावाचं अँटेना मोजायचं खिशातलं यंत्र सगळ्यांकडे असतं. ते वापरण्याआधी ओपन, शॉर्ट, लोड असे तीन तुकडे लावून कॅलिब्रेशन केलंय का, हे विचारायला लाजू नका.

आता पावसाळा. आपल्याकडे अँटेना मरते ती बहुतेक वेळा कनेक्टरमधून पाणी शिरून. पीएल-२५९ हा कनेक्टर घट्ट फिरवल्यावर त्यावर आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून, अर्धी-अर्धी एकमेकांवर येईल अशी खालून वर गुंडाळायची. खालून वर का, तर कौलांसारखे थर पडतात आणि पाणी बाहेरच्या बाहेर ओघळतं. तिच्यावर काळी पीव्हीसी टेप, उन्हापासून रबर वाचवायला. कोॲक्स खिडकीतून आत घेण्याआधी खाली लोंबता फास सोडायचा, म्हणजे पाणी वायरीवरून घरात न येता त्या फासाच्या तळाशी टपकतं. जूनमध्ये एसडब्ल्यूआर मीटर वेड्यासारखा वागायला लागला तर आधी हे सोडून बघा. वायरीचं टोक काळं-हिरवं पडलेलं दिसलं तर तेवढा तुकडा कापून टाका, पुसून भागत नाही.

दोन गोष्टींवर तडजोड नाही. विजेच्या तारांच्या आसपास, म्हणजे अँटेना तुटून पडली तरी तारेला टेकेल एवढ्या अंतरात, काहीही बांधायचं नाही. आणि वळवाच्या दिवसांत गडगडायला लागलं की कोॲक्स रिगमधून (रेडिओ संचातून) काढून खिडकीबाहेर. नवा मेंबर म्हणून तुम्हाला गच्चीवर कुणी घाईत काही करायला सांगितलं तर नाही म्हणा. क्लबातलं कोणीही त्याचं वाईट वाटून घेत नाही, आणि वाईट वाटून घेणाऱ्याचं ऐकू नका.

सोसायटीची परवानगी हा शहरी हॅमचा जुना आजार. "टॉवर लावताय का?" असं सेक्रेटरी विचारतो. त्याच्यासमोर लायसन्सची प्रत, अँटेनाचं कागदावर काढलेलं चित्र आणि प्रत्यक्ष तारेचा तुकडा ठेवा. मोबाइल टॉवर चोवीस तास चालू असतो, आपण थोडा वेळ बोलतो आणि बराच वेळ ऐकतो, हे सांगा. कुणाच्या टीव्हीत खरखर आली तर मी येऊन बघेन असं लेखी द्या, आणि खरंच जा.

फॉक्स हंट: लायसन्सशिवायही खेळता येणारा खेळ

क्लबात एकच कार्यक्रम निवडायचा असेल तर मी हा निवडेन. कुणीतरी लायसन्सवाला एक छोटा ट्रान्समीटर टेकडीवर, बागेत किंवा किल्ल्याच्या पायथ्याला लपवतो. तो थोड्या थोड्या वेळाने बीप करतो. बाकीच्यांनी दिशा शोधत शोधत तो हुडकायचा. शोधणाऱ्याला फक्त ऐकायचं असतं, म्हणून नव्यांना लायसन्सवाल्याच्या जोडीने टीममध्ये घेतात.

दिशा शोधायची साधी युक्ती अशी. जोडीदाराने हँडी (हातातला छोटा रेडिओ) छातीशी धरून सावकाश जागेवर गोल फिरायचं. माणसाचं अंग लहरी अडवतं, त्यामुळे पाठ ट्रान्समीटरकडे असताना आवाज सगळ्यात जास्त पडतो. तिथे थांबा, मागे वळा, ती तुमची दिशा. दोन वेगवेगळ्या जागांवरून अशा दिशा घेऊन नकाशावर रेघा मारल्या की छेदतात तिथे कुठेतरी कोल्हा, म्हणजे तो ट्रान्समीटर. अगदी जवळ गेल्यावर सगळीकडेच फुल सिग्नल येतो, मग अँटेना काढून टाका किंवा वारंवारता पाच-दहा किलोहर्ट्झ बाजूला सरकवा, म्हणजे परत फरक कळायला लागतो.

जास्त हौस असेल तर पीव्हीसी पाइप आणि सुताराच्या पोलादी मेजरिंग टेपचे तुकडे घेऊन तीन एलिमेंटची (तीन आडव्या पट्ट्यांची) यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना, बनवा. झुडपात शिरताना टेप वाकते आणि परत सरळ होते, म्हणून तीच वापरतात. सोल्डर करण्याआधी टेपवरचा पिवळा रंग सँडपेपरने पार खरवडून काढायला विसरू नका, नाहीतर शिसं मण्यासारखं घरंगळत जातं आणि सांधा कधीच धरत नाही. कड्याजवळ खेळलात तर परावर्तित लहर तुम्हाला थेट खडकाकडे नेईल, एकदा फसल्याशिवाय हे कुणालाच पटत नाही.

हे निव्वळ खेळ नाही. रिपीटरवर, म्हणजे सगळ्यांचे आवाज पुढे टाकणाऱ्या केंद्रावर, कुणाच्या तरी हँडीचं बटण सीटखाली अडकून राहतं आणि अख्ख्या शहराचा रिपीटर तासन्‌तास मुका होतो. तेव्हा तो माणूस शोधायला हेच कौशल्य लागतं.

माइक हातात आल्यावर: साप्ताहिक नेट

लायसन्स आलं, कॉलसाइन मिळालं, हँडी आली. आता क्लबाच्या साप्ताहिक नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी हवेतच भरणाऱ्या बैठकीला, हजेरी लावा. बहुतेक नेट १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, डोंगरावरच्या रिपीटरवरून चालतात. रिपीटर एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच वेळी सहसा ६०० किलोहर्ट्झ दूरच्या दुसरीवर तेच पुढे टाकतो. त्याला उघडायला ठरावीक टोन (आवाजासोबत जाणारा बारीक सूर) लागतो. तो हँडीत घातला नाही तर तुम्ही ओरडत बसाल आणि कुणाला काही ऐकू जाणार नाही. बटण दाबा, मनात एक म्हणा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द गिळला जातो. माइक ओठांपासून चार बोटं लांब, किंचित तिरका. ओरडू नका, ओरडल्याने आवाज फाटतो, लांब जात नाही. दोन बोलण्यांच्या मध्ये क्षणभर जागा सोडा, कुणाला तातडीचं काही असेल तर तिथे त्याला "ब्रेक" म्हणता येतं.

कॉलसाइन फोनेटिकमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या ठरलेल्या शब्दात, सांगा: "व्हिक्टर युनिफॉर्म थ्री" आणि पुढची आपली अक्षरं. स्वतःच्या डोक्यातली फोनेटिक वापरू नका. "एम फॉर मुंबई" आपल्याला कळतं, ब्राझीलच्या माणसाला "माइक" कळतं.

नेट कंटाळवाणं असतं. हवामान, अँटेना, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन. पण याच कंटाळ्यात तुम्हाला कळतं की तुमच्या स्वयंपाकघरातून रिपीटर लागत नाही, बाल्कनीतून लागतो, आणि अमुक गल्लीत पूर्ण अंधार आहे. त्याचीही नोंद ठेवा. काही महिन्यांनी नेट कंट्रोलची, म्हणजे नेट चालवायची, पाळी मागून घ्या.

सेवा: मॅरेथॉन, विसर्जन, वारी

घाटातली धावण्याची स्पर्धा, सायकल फेरी, विसर्जनाचा घाट, पालखीचा मुक्काम. गर्दीत मोबाइल नेटवर्क कोलमडतं आणि डोंगरात ते मुळात नसतंच, अशा ठिकाणी क्लब मदत करू शकतो. आयोजकांशी बोलताना पहिल्यांदाच स्पष्ट करा की मानधन घेणार नाही, आणि फक्त सुरक्षिततेचे निरोप देऊ. टी-शर्ट कमी पडले किंवा पोह्यांची गाडी कुठे अडकली हे त्यांनी आपापल्या मोबाइलवर बघावं. धंद्याचे निरोप हॅम बँडवर चालत नाहीत.

आधीच्या आठवड्यात रेकी करा. ही सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात टाळली जाणारी पायरी. व्हीएचएफ, म्हणजे हँडीच्या या पट्ट्यातली, लहर डोंगराला वळसा घालत नाही. खिंडीच्या अलीकडे दणदणीत लागणारा रिपीटर वळणाच्या पलीकडे मरतो. प्रत्येक चेकपॉइंटवर उभं राहून बोलून बघा, कधी कधी वीस पावलं वर चढल्याने फरक पडतो. जिथे लागतच नाही त्या दोन जागांच्या मधल्या धारेवर एक माणूस रिले म्हणून बसवा. रिपीटर बंद पडला तर कुठल्या थेट वारंवारतेवर जायचं, हे प्रत्येकाच्या कागदावर लिहिलेलं हवं.

लायसन्स नसलेल्यांना इथे भरपूर काम असतं. माइक लायसन्सवाल्याकडे, शेजारी तुम्ही: वही, घड्याळ, दुर्बीण, बॅटऱ्या. कुठल्या नंबरचा धावक किती वाजता गेला, कोण आला नाही, ॲम्ब्युलन्स कधी निघाली. चांगला लॉग लिहिणारा माणूस माइकवरच्या माणसाला वाचवतो.

निरोप असा जातो:

"नेट, चेकपॉइंट चार."

"चेकपॉइंट चार, बोला."

"धावक एक दोन सात शून्य. पायात गोळे, चालता येत नाही, शुद्धीवर आहे. ॲम्ब्युलन्स हवी. ओव्हर."

"एक दोन सात शून्य, पायात गोळे, शुद्धीवर, ॲम्ब्युलन्स चेकपॉइंट चारला. बरोबर?"

"बरोबर."

"ॲम्ब्युलन्स दोन निघाली, वेळ सात चार दोन."

यातली प्रत्येक गोष्ट मुद्दाम आहे. नाव नाही, फक्त नंबर, कारण हवेतलं कुणीही ऐकू शकतं. आजाराचं निदान नाही, जे डोळ्यांना दिसलं तेवढंच. निरोप परत म्हणून दाखवला. आणि आकडे सुटे सुटे. आपल्या मराठी आकड्यांनी रेडिओवर फार घोळ होतात: एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्र्याण्णव, पंचवीस आणि पस्तीस. खरखरीत शेपूट ऐकू आलं नाही की संपलं. म्हणून "सात बेचाळीस" नाही, "सात चार दोन". गावांच्या नावांचंही तेच. नुसतं वडगाव किंवा पिंपळगाव म्हणून कुणाला काही कळत नाही, तालुका सांगा, किंवा बुद्रुक की खुर्द ते सांगा.

पिशवीत काय हवं: पूर्ण चार्ज केलेली जादा बॅटरी, लांब अँटेना, इअरफोन, पेन दोन आणि पेन्सिल एक, कारण भिजलेल्या कागदावर पेन चालत नाही. लायसन्सची प्रत, टोपी, पाणी, गूळ-शेंगदाणे. प्लॅस्टिकची पिशवी हँडीसाठी. आपलं काम संपलं तरी नेट कंट्रोलने मोकळं केल्याशिवाय जागा सोडायची नाही. शेवटचा धावक सगळ्यात हळू येतो आणि सहसा त्यालाच मदत लागते.

आपत्तीत

२६ जुलै २००५ ची मुंबई किंवा जुलै २०२१ चं चिपळूण-महाड ज्यांनी पाहिलं त्यांना वीज आणि मोबाइल एकदम जाणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. हॅमनी अशा वेळी काय करता येतं ते दाखवलेलं आहे. जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात देशभरातले हॅम तिथे केंद्रं उभारून बसले. डिसेंबर २००४ मध्ये एनआयएआरच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौसेच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होते, त्सुनामी आली आणि त्याच मोहिमेची केंद्रं लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवायला लागली. बॅटरी, अँटेना, सवयीची माणसं, सगळं आधीपासून तिथे होतं म्हणून ते जमलं.

नव्या माणसासाठी नियम एकच: स्वतःहून पूरग्रस्त भागात जायचं नाही. बोलावल्याशिवाय गेलेला हॅम म्हणजे वाचवावा लागणारा आणखी एक माणूस. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, १०७७ वर जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष. क्लबाच्या पदाधिकाऱ्यांनी कोरड्या दिवसांत तिथे जाऊन ओळख करून घ्यावी, कुणाला किती वेळात कुठे पाठवता येईल याची यादी द्यावी आणि दरवर्षी ती ताजी करावी. या यादीचं काम आनंदाने नव्याला दिलं जातं, घ्या. कुणाकडे सोलर पॅनल आहे, कुणाची जीप आहे, कुणाला रात्रपाळी आहे हे सगळं कळतं.

एरवी इतरांचे निरोप आपल्या केंद्रावरून पोचवायला नियमांत मर्यादा आहेत, आपत्तीत सवलत असते. त्याची व्याप्ती क्लबातल्या जुन्या माणसाकडून नीट समजून घ्या. आणि शॉर्टवेव्हवर ७.११० आणि १४.३०० मेगाहर्ट्झच्या आसपास आणीबाणीची रहदारी ऐकू आली तर आपली गप्पांची मैफल दुसरीकडे हलवा.

बाकीची मजा

अंतराळ स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा दहाएक मिनिटं मिळतात. १४५.८०० मेगाहर्ट्झवर कधी कधी तिथून चित्रं येतात, हँडीशेजारी फोन धरून ॲपवर ती उमटवता येतात. शाळेच्या मैदानात पोरांसमोर हे केलं की काय होतं ते स्वतः बघा. जुलै २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला तिथून हॅम रेडिओवर भारतातल्या मुलांशी बोलले, तेव्हापासून शाळांची बोलावणी वाढली. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा स्वयम्‌ हा जेमतेम किलोभराचा उपग्रह जून २०१६ मध्ये सुटला, तोही हॅम लोकांसाठी निरोपांची देवाणघेवाण करायला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयआयटी मुंबईचा प्रथम. हे सांगितलं की अभियांत्रिकीची पोरं खुर्चीत पुढे सरकतात.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी स्काउट-गाइडची जोटा (जंबोरी ऑन द एअर, म्हणजे हवेतला मेळावा) असते, १९५७ पासून चालू आहे. क्लब शाळेत केंद्र मांडतो, तुम्ही रांग सांभाळा आणि मुलांना फोनेटिकमध्ये स्वतःचं नाव सांगायला शिकवा. १८ एप्रिल हा जागतिक हॅम दिन. ऑगस्टमध्ये दीपगृहांवरून केंद्रं चालवायचा शनिवार-रविवार येतो, पण कोकणात तेव्हा धो धो पाऊस असतो, त्यामुळे आपल्याकडे त्याचा उत्साह जगापेक्षा जरा ओला असतो. किल्ल्यावर केंद्र मांडायचं तर आधी पुरातत्त्व किंवा वनखात्याची परवानगी काढा, आणि तटबंदीला, बुरुजाच्या दगडाला दोरी बांधायची नाही. डगमगून कोसळणारा मास्ट (अँटेनाचा खांब) आणणारे क्लबातले उत्साही लोक असतात, त्यांच्यासोबत दोन घट्ट मेखा न्या.

आणि मग मे महिना. पावसाच्या आधी रिपीटरची डागडुजी करायला डोंगरावर जावं लागतं. बॅटऱ्यांचं पाणी, कनेक्टरची टेप, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, पेटीत घर केलेली गांधीलमाशी. जड सामान वर न्यायला तरुण खांदे लागतात, आणि उतरताना जुने लोक ज्या गोष्टी सांगतात त्या कुठल्याच वर्गात शिकायला मिळत नाहीत. ग्रुपवर "रविवारी रिपीटर, कोण येतंय?" असा निरोप पडला की लगेच हात वर करा. सोबत दोन लिटर पाणी, हातमोजे, जुना टॉवेल आणि १० नंबरचा पाना न्या. तो पाना दर वर्षी कुणीतरी खालीच विसरतं.